पुरवून वापरलेली शाई

न्डिरांडे, ब्लँटायर
१४ ऑगस्ट २०१८

दादा,

येत्या रविवारी आपल्या चर्चच्या बायका तुरुंगात भेटीला येणार आहेत. त्यांच्याबरोबर हे पत्र, अंगाचा साबण आणि पुडीत सुके मासे पाठवते आहे. मासे एकट्यानं खाऊ नकोस आणि सगळे वाटूनही टाकू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

तुझ्याकडे एक काम पडलंय. तुझा जुना प्रिंटर मी चालू केला. पोलिसांनी मोठा नेला, हा लहान पलंगाखाली राहिला होता आणि त्याच्यावर मी मंदासी तळायच्या पिठाचा डबा ठेवायचे. पुसला, तार लावली, तर चालू झाला. एका शाळेनं प्रश्नपत्रिका छापायला दिल्यात. पुष्कळ प्रती लागतात, आणि पुन्हा पुन्हा लागतात. पण हा किती शाई पितो रे! लिंबेला नवी शाईची डबी आणायला गेले, तर दुकानदार म्हणाला, "बाई, एवढ्यात दुसरा प्रिंटर येईल." मी विचारून पाहिलं. खरंच येतो.

तू इतकी वर्षं हाच धंदा केलास. शाई कशी पुरवायची ते सगळं लिही, काही राखून ठेवू नकोस. आणि लवकर लिही. परीक्षा तोंडावर आहे.

बाबा बरे आहेत. बोलणं कमी झालंय.

एनेलेसी


झोंबा
२६ ऑगस्ट २०१८

एने,

तुझं पत्र वाचून मी इतका हसलो की शेजारच्या पथारीवरचा म्हातारा म्हणाला, "काय रे, सुटलास की काय?" म्हटलं, मी नाही सुटलो, माझा प्रिंटर सुटला. खोटी प्रमाणपत्रं छापली म्हणून मी आत, आणि माझी बहीण त्याच घरात शाळेच्या खऱ्या प्रश्नपत्रिका छापतेय. देवालासुद्धा थट्टा सुचते.

पत्र आधी साहेब वाचतात, म्हणून त्यांनाही सांगून ठेवतो: साहेब, शाई वाचवणं अजून गुन्ह्यात धरत नाहीत.

आता ऐक. तो सारखा चालू-बंद करू नकोस. चालू झाला की तो आधी तोंड धुतो आणि त्यात शाई थुंकून टाकतो. म्हणून काम साठव आणि एका दमात छाप. लाइट जायच्या वेळेला बसू नकोस, मधेच गेली तर परत तोंड धुणं आलं. 'शाई संपली' म्हणून तो ओरडेल. खोटारडा आहे, माझ्याहून. ओरडू दे. पानावर पांढरे पट्टे दिसेपर्यंत छापत राहा. सेटिंगमध्ये जाऊन 'ड्राफ्ट' निवड, निम्म्याहून कमी शाई लागते. अक्षर जाड नको, बारीक घे, आणि काळ्याऐवजी करडं कर. वाचता येतं ना, मग झालं.

रिकामी डबी फेकू नकोस. वरचा कागद नखानं सोल, खाली भोकं दिसतील, आत स्पंज असतो. औषधाच्या दुकानातून सिरिंज आण. बाजारात सुट्या शाईची बाटली मिळते, ती सिरिंजनं हळूहळू सोड. घाई केलीस की खालून गळते. मग ओल्या फडक्यानं तोंड पुसायचं.

आणखी एक युक्ती आहे. ती मी स्वतःच्या गिऱ्हाइकासाठी कधी वापरली नाही. बाटलीत उकळून गार केलेलं पाणी घालायचं, दोन भाग शाईला एक भाग पाणी. फिकट येतं. पण पोरांचे डोळे तरुण असतात, आणि प्रश्नपत्रिका परीक्षेपुरती जगली तरी पुष्कळ.

बाबांना प्रिंटरचा आवाज येत असेल ना? काय म्हणतात? माझं नाव निघालं की अजून उठून बाहेर जातात का?

मासे झकास होते. अर्धे वाटले. बरं, अर्ध्याहून जास्त.

लाफोर्ड


न्डिरांडे
९ सप्टेंबर २०१८

दादा,

तू सांगितलंस तसं सगळं केलं. ड्राफ्ट, करडं अक्षर, सिरिंज, आणि पाणीसुद्धा. एका बाटलीत इतकी पानं निघाली की माझा विश्वास बसेना. पहिली बाटली सांडली होती, तिचे डाग बोटांवरून जात नाहीत. सकाळी मंदासी घेणारी एक बाई म्हणाली, "तुझ्या हातचं आता खायचं की वाचायचं?"

एक विचारायचं होतं. ही शाई उन्हात टिकते का? आणि पानावर दव पडलं तर? एका पानावर चित्र आहे, माणसाचं. तेही असंच छापलं तर चालतं ना?

दुसरं विशेष काही नाही. बाबांचं तेच.

कामाची घाई आहे म्हणून थोडक्यात लिहिलं.

एनेलेसी


झोंबा
१७ सप्टेंबर २०१८

एने,

कुठली शाळा प्रश्नपत्रिका उन्हात टांगते?

हे वाचल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. सप्टेंबरात तर शाळा नुकत्या उघडतात. कसली परीक्षा तोंडावर आलीय? मला आत टाकलंय, येडा नाही केलेलं.

काल चर्चच्या बायकांबरोबर फागेसी मावशी भेटीला आल्या. मी विचारलं, "बाबा कसे आहेत?" त्यांनी एकदम भजन सुरू केलं. बाकीच्या बायकाही गोंधळल्या, पण गाऊ लागल्या. मी सगळं भजन संपेपर्यंत थांबलो आणि पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, "देव सगळ्यांना सांभाळतो, बाळा." आजवर मला त्यांनी बाळा म्हटलं नव्हतं. चोरटा म्हणायच्या, आणि मला ते आवडायचं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. ही शाई उन्हात टिकत नाही. दवात फुटते, पावसात वाहून जाते. माणसाचा चेहरा ड्राफ्टवर कधी छापू नये. आणि पाणी घातलेल्या शाईतला चेहरा उन्हात ठेवलास, तर थोड्या दिवसांत त्याचं भूत होतं.

कुणाचं चित्र आहे ते? बाबा मेले असतील तर तसं लिही. मी ऐकेन. पण मला प्रश्नपत्रिकेच्या गोष्टी सांगू नकोस.

लाफोर्ड


न्डिरांडे
२४ सप्टेंबर २०१८

दादा,

बाबा मेले नाहीत. निदान तसं कुणी सांगितलेलं नाही. बाबा हरवलेत.

गेल्या वर्षापासून त्यांचं विसरणं चालू होतं. तुला लिहिलं नाही. आधी किल्ली कुठे ठेवली ते, मग शेजाऱ्यांची नावं. आई गेली हे विसरले आणि मला तिच्या नावानं हाका मारू लागले. मग तुझी लाज विसरले. त्यानंतर तुरुंग विसरले. तू तेवढा राहिलास. रोज संध्याकाळी दाराशी जाऊन उभे राहायचे. "लाफोर्ड आला नाही अजून? अंधार पडायच्या आत त्याला घेऊन येतो." मी सांगायचे, "बाबा, तो झोंब्याला आहे." ते म्हणायचे, "मग झोंब्याला जातो."

ऑगस्ट लागला तेव्हाची गोष्ट. मी मंदासी विकायला गेले होते. बाहेरून कडी लावत असे, त्या दिवशी लावली नाही. माणसाला गुरासारखं कोंडून ठेवायचं मला नको झालं होतं. परत आले तर ते नव्हते, आणि खिळ्यावर त्यांचा रेल्वेचा गार्डाचा कोट नव्हता.

लिंबे स्टेशनावरच्या एका हमालानं त्यांना पाहिलं होतं. रुळांमधून उत्तरेकडे निघाले होते. त्यानं अदबीनं विचारलं, "बाम्बो, कुठे निघालात?" म्हणाले, "झोंब्याला, मुलाला आणायला." तो म्हणाला, "झोंब्याला रेल्वे जात नाही." तर त्याच्यावरच खेकसले, "पोरा, माझा उभा जन्म गार्डाच्या डब्यात गेला आणि तू मला रस्ता सांगतोस?"

झोंब्याला रेल्वे जात नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं, सांग.

पोलिसांत कळवलं. रेडिओवर एकदा नाव वाचलं. सगळी इस्पितळं पाहिली. मग फोटो घालून कागद छापायचं ठरवलं. दुकानात एकेका रंगीत पानाला जे मागतात त्यात आमचा दिवस निघतो, म्हणून तुझा प्रिंटर काढला. तू सांगितलंस तसं छापलं आणि मालगाडीच्या गार्डांना गठ्ठे दिले. त्यांनी प्रत्येक स्टेशनावर चिकटवले. बाबांचं नाव सांगितल्यावर कुणी नाही म्हटलं नाही.

तुला का सांगितलं नाही? डिसेंबरात तुझी शिक्षा कमी करायची सुनावणी आहे. तू आत काहीतरी करून बसला असतास. आणि खरं सांगू? ते तुला आणायला गेलेत, हे लिहायला हात वळत नव्हता.

एने


झोंबा
३० सप्टेंबर २०१८

एने,

पहिलं पत्र लिहून फाडलं. त्यात शिव्याच होत्या. साहेबांनी ते पुढे पाठवलंही नसतं.

तू मला विचारलंस आणि मी सांगितलं. पण मी तुला प्रश्नपत्रिकेची शाई शिकवली, बापाच्या चेहऱ्याची नाही. एक ओळ खरी लिहिली असतीस, तर मी म्हटलं असतं, घरातली भांडी विक पण शाईत पाणी घालू नकोस.

जाऊ दे. आता करायचं काय ते सांगतो, आणि यातलं एकही टाळू नकोस. ती बाटली ओतून दे. मूळ कंपनीची नवी डबी घे, रंगीत आणि काळी दोन्ही. माझी सायकल विक. लग्नातला टाय लावलेला फोटो घेऊ नकोस, तो माणूस आता कुणी ओळखणार नाही. अलीकडचा काढ, दाढी वाढलेला असला तर बरंच. नुसता चेहरा, अर्धं पान भरून. बाकी मजकूर दोन ओळी. सेटिंगमध्ये 'फोटो' निवड, गुळगुळीत कागद वापर. दोन्हीकडून प्लॅस्टिक लावून कडा इस्त्रीनं बंद कर. लावताना छपराखाली लाव, ऊन येत नाही त्या भिंतीवर. आणि गार्डांच्या हाती गठ्ठे देऊ नकोस, रुळाच्या कडेनं तू स्वतः जा. गँगमनना विचार, थांब्यांवर बसणाऱ्या बायकांना विचार. गार्डाचा कोट घातलेला म्हातारा कुणीतरी पाहिलाच असेल.

मी काही करून बसणार नाही. भिंत फार जाड आहे.

लवकर जा.

दादा


न्डिरांडे
२८ ऑक्टोबर २०१८

दादा,

बसून वाच.

काल चिसाले नावाच्या थांब्यावर पोचले. बलाकाच्या अलीकडे आहे. टिनाच्या छपराची एक खोली, एक आंब्याचं झाड, बाकी काही नाही. सिंगिनी नावाचे गँगमन तिथे राहतात. त्यांची बायको टोपल्यात कसाव्याचे कंद धूत बसली होती. मी पिशवीतून कागद काढून तिच्यापुढे धरला. तिनं हात पुसले, कागद घेतला आणि आत हाक मारली, "अहो, बाहेर या. आपले लाफोर्ड आहेत."

मी म्हटलं, "नाही, लाफोर्ड माझा भाऊ. हे माझे वडील. बेन्सन काम्तेझा."

ती म्हणाली, "बाई, त्यांनीच सांगितलं. नाव काय म्हटलं, तर लाफोर्ड. गाव कुठलं, तर लाफोर्ड. भूक लागली का विचारलं तरी लाफोर्ड."

सिंगिनी बाहेर आले. कागद बघून टोपी काढली त्यांनी. तेव्हाच मला कळलं.

सप्टेंबर संपता संपता बाबा तिथे आले. त्याआधी कुठेकुठे राहिले कोण जाणे, पण अंगावर कोट होता म्हणून रुळावरच्या माणसांनी त्यांना उपाशी ठेवलं नाही. सिंगिनींनी छपराखाली चटई टाकून दिली. कोळशाची गाडी आली की बाबा उठून उभे राहायचे आणि हात वर करायचे. ड्रायव्हर शिटी द्यायचे. सिंगिनींची बायको म्हणाली, "मी त्यांना चिडवायचे, तुम्ही हात नाही केलात तर गाडी पुढे जाणार नाही का हो? ते म्हणायचे, नाही जाणार." त्या दोघांना मूल नाही. मला वाटतं, बाबांना कुणी येऊन घेऊन जाऊ नये असंच तिला वाटत असावं. पण तिनं लपवलं काही नाही. आल्यागेल्या प्रत्येकाला 'लाफोर्ड' नावाच्या म्हाताऱ्याचं कुणी आहे का, म्हणून विचारत राहिली.

मग ताप आला. सायकलवर बसवून दवाखान्यात नेत होते, वाटेतच गेले. सिंगिनी सायकल ढकलत होते आणि बायको मागून बाबांना धरून चालत होती. गावच्या मुखियानं जागा दिली. माणसं जमली, गाणी म्हटली. सगळं रीतीनं केलं त्यांनी.

मी विचारलं, "इथे एक कागद चिकटवला होता, मालगाडीच्या गार्डानं. पाहिला नाहीत?"

"होता की," सिंगिनी म्हणाले. "अजून आहे."

मावळतीकडच्या भिंतीपाशी नेलं मला. कागद होता, चारी कोपरे नीट चिकटलेले. ते म्हणाले, "आम्ही रोज बघायचो. ते आले तोवर त्यावर काही उरलं नव्हतं."

खरंच नव्हतं, दादा. जवळ जाऊन पाहिलं तेव्हा कॉलरची एक पुसट रेघ दिसली, तीही मला दिसली कारण मीच छापली होती. सकाळी त्या भिंतीला सावली असते. बाबा सकाळचे त्याच कागदाखाली बसायचे.

आता तुला जे सांगायचं नव्हतं ते सांगते. तुझं पत्र मला मिळालं तेव्हा ते जिवंत होते. तू लवकर जा म्हणालास. मी सायकल विकायला काढली. गिऱ्हाईक भाव पाडून मागत होतं. त्या भावात एकच डबी आली असती, म्हणून मी अडून बसले, दुसरं गिऱ्हाईक शोधलं. चांगला भाव आला. दोन्ही डब्या आल्या, प्लॅस्टिक आलं. चेहरा इतका स्वच्छ छापला गेला की नाकावरचा तीळसुद्धा दिसतो. पण तोवर त्यांना पुरून झालं होतं.

थडग्यावर लाकडी फळी आहे. सिंगिनींनी रेल्वेच्या पांढऱ्या रंगानं त्यावर 'लाफोर्ड' लिहिलंय. मला म्हणाले, "खरं नाव लिहून द्या, मी रंगवतो." मला कागदावर लिहिता येईना. तुझं नाव तिथे बघवतही नाही, आणि माझ्या हातून पुसवतही नाही. थोडे दिवस मागून घेतलेत. काय करू ते तू सांग.

एने


झोंबा
११ नोव्हेंबर २०१८

एने,

तुझं पत्र माझ्याआधी साहेबांनी वाचलं होतं. मला बोलावलं आणि म्हणाले, "बस." त्यांच्यासमोर मी कधी बसलो नव्हतो. पत्र हातात दिलं आणि वाचून होईस्तोवर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

बराकीत परतलो. शेजारच्या म्हाताऱ्यानं माझी पथारी मधोमध ओढली आणि सगळे भोवती बसले. दुःखात डोकं भादरायचं असतं, आमची तर आधीच भादरलेली. संध्याकाळी ते गायले.

तू सायकलीचं लिहिलंस. हे कुणाच्या माथी मारायचं, यावर मी खूप विचार केला. तुझ्या, की माझ्या. दोघांना पुरून उरेल एवढं आहे ते. 'तुझी चूक नाही' असं मी लिहिणार नाही, तुला ते खोटं वाटेल. अर्धं तू घे, अर्धं मी घेतो. पण माझ्या वाटणीचं तू उचलू नकोस.

सिंगिनींना आणि त्यांच्या बायकोला माझा नमस्कार कळव. सुनावणीत काय व्हायचं ते होवो, सुटलो की आधी चिसालेला जाईन.

आता फळीचं. तुला एक गोष्ट माहीत नाही. शिक्षा झाली त्या दिवशी तू कोर्टाबाहेर पाणी आणायला गेली होतीस. कारकुनानं बाबांना हाक मारली, आपल्याकडे कुठल्याही बापाला पोराच्या नावानं मारतात तशीच: "लाफोर्डचे बाबा, इथे सही करा." बाबा म्हणाले, "मी कुणाचा बाबा नाही. मला बेन्सन काम्तेझा म्हणा." मी हाताच्या अंतरावर उभा होतो, बेड्या घातलेल्या. त्यांनी सही केली आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. त्यानंतर आमची भेट झाली नाही. मी हे कुणाला सांगितलं नाही. इथे रोज अंथरुणावर पडलो की ते वाक्य ऐकू यायचं.

चिसालेला त्यांना विचारलं, तुम्ही कोण? आणि ते काय म्हणाले, तू लिहिलंयस. म्हाताऱ्याच्या तोंडात दात नव्हते, आवाज बसलेला असेल. पुढचा शब्द त्या माणसांना ऐकू आला नसेल, किंवा त्यांनी तो उच्चारलाही नसेल. सिंगिनींच्या बायकोला विचारावंसं वाटतं. पण नको, विचारू नकोस.

माझं नाव पुसू देऊ नकोस. बेन्सन काम्तेझाही लिहायला सांगू नकोस. माझ्या नावाला जोडून एवढंच रंगवायला सांग:

लाफोर्डचे बाबा.

दादा